धर्मशाळेत जागा नाही

तो मोबाइलचा उजेड आधी बंद कर, डोळ्यांवर येतो. दिवे यायचे तेव्हा येतील. आणि ऐकायचं असेल तर मध्येच खी-खी करायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. ही काही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा मित्र आहे. बाजारात त्याचं काचेचं दुकान आहे. तुमच्या खिडक्यांची तावदानं त्यानेच बसवलीत.

तर, गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काही नाही, उलट चांगलं चांदणं पडलं होतं. काचवाल्याने दुकान जरा लवकर बंद केलं, स्टेशनवर जाऊन दोन तिकिटं काढली, येताना बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी, गुडघ्याला बांधायचा पट्टा घेतला आणि घरी आला. दोघं नवराबायको यात्रेला निघाले होते. ते नदीकाठचं मोठं शहर, घाटावरचं महादेवाचं देऊळ. पहाटे नदीत बुडी मारायची आणि ओलेत्यानेच दर्शनाला उभं राहायचं, असा बेत. राहायची सोय तेवढी बाकी होती.

आता हा बेत खरा कोणाचा, तर अक्काचा. अक्का म्हणजे काचवाल्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, अक्कानेच त्याला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. जन्मभर त्या घरात राबली आणि मागणं एकच, मला एकदा त्या देवळात न्या. निघायची वेळ आली की वहिनी म्हणायच्या, "सगळेच गेलो तर घर कोण सांभाळणार?" मग हे दोघं भलतीकडेच कुठेतरी हिंडून यायचे आणि अक्का घर सांभाळायची.

"आणि काचवाला काही बोलायचा नाही, आजोबा?"

तो काचा कापायचा. बायकोपुढे त्याने कधी तोंड उघडलं नाही. त्या डिसेंबराआधीच्या पावसाळ्यात अक्का गेली. शेवटी शेवटी दोघांशी बोलणंच बंद केलं होतं तिने. पाण्याचा पेला पुढे केला तरी तोंड फिरवायची. ती गेल्यावर यांना सुचलं, आता जाऊ, तिच्या नावाने एक बुडी मारू. माणूस मेल्यावर आपल्याला फार माया येते, नाही?

जेवणं झाली. वहिनी पलंगावर बॅगा भरत होत्या. काचवाल्याने घाटावरच्या एका धर्मशाळेचा नंबर मिळवला होता, तो लावला. बाईने उचलला.

"धर्मशाळा ना?"

"हो."

मागे पाण्याचा आवाज. लांब कुठेतरी घंटा.

"दोघांसाठी एक खोली हवी होती, येत्या शुक्रवारपासून."

"जागा नाही."

"अहो, एखादी लहानशी..."

"जागा नाही."

"व्हरांड्यातही चालेल, बाई. तिकिटं काढून झालीत."

"बाकी सगळ्यांना जागा आहे. तुला नाही."

तिकडची भाषा वेगळी. हा अडखळत अडखळत त्यांच्या भाषेत विचारत होता आणि उत्तरं मात्र आपल्या भाषेत येत होती. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "बोबड्या."

...लहानपणी तो बोबडं बोलायचा. त्या नावाने त्याला हाक मारणारं एकच माणूस होतं.

"अक्का...?"

पाण्याचा आवाज जवळ आला. अगदी फोनच्या तोंडाशी.

"आता कुठे माझी मी आहे. इकडे पाऊल टाकायचं नाही."

"अगं, तुझ्याच नावाने आम्ही..."

"माझं नाव घेऊ नकोस."

त्याचा चेहरा बघून वहिनींनी फोन हिसकावून घेतला. मोठ्या खमक्या बाई. "कोण गं तू? मेलेल्या माणसाच्या नावाने चेष्टा करतेस? थोबाड फोडीन!"

आणि फोन कानाला दाबला.

ऐकत राहिल्या.

खोलीत आवाज नाही. काचवाल्याने वाकून पाहिलं. फोन बंद होता. नुसता काळा. दिवा नाही, आकडे नाहीत. वहिनींच्या कानाला मात्र तसाच दाबलेला.

त्या मान हलवत होत्या.

"हो..."

...

"नाही... नाही येणार..."

...

"ते नको... ते नको हो, वन्सं..."

त्याने फोन ओढला. सुटेना. एकेक बोट उलगडावं लागलं. हात गारठलेला.

"काय म्हणाली ती?"

...

"अगं, काय म्हणाली?"

सांगितलं नाही. आजपर्यंत नाही.

सकाळी त्याने धीर करून पुन्हा तोच नंबर लावला. पुरुषाने उचलला, त्यांच्या भाषेत बोलला. बाई? छे, इथे कोणी बाई नाही, फोन मीच घेतो. काल रात्री तर फोन वाजलाच नाही. खोल्या हव्या तेवढ्या आहेत, केव्हाही या.

काचवाल्याने तिकिटं परत केली. वहिनींनी बॅगा आवरल्या नाहीत, उघडल्याही नाहीत. तशाच पडल्यात.

"आजोबा, स्वप्न पडलं असेल त्यांना."

दोघांना एकच? जागेपणी? ...मग पुढचं ऐक. वहिनींच्या उजव्या कानातून त्या रात्रीपासून पाणी येतं. रोज नाही, अधूनमधून. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, कान कोरडा आहे, पडदा शाबूत आहे, काही झालेलं नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. बोलता बोलता वहिनींनी कानाला रुमाल लावला. भिजला. वास नाही, रंग नाही, स्वच्छ पाणी. त्यांनी तो उन्हात खिडकीवर टाकला.

निघताना माझा धक्का लागून तो खाली पडला. उचलला. झटकला.

वाळू पडली. बारीक, पांढरी... आणि आपल्या गावाला नदीच नाही.