धोटा उड्या मारतोय

खडेबाजारातल्या चार दुकानदारांनी सुवर्णाला हसून परत पाठवलं होतं. "डीव्हीडी? अवो, आता कोण करतंय डीव्हीडी? पेन ड्राइव्ह घ्या की!" पाचव्या दुकानाची पाटी तिनं पाहिलीच नव्हती. श्रावणातली एक सर अंगावर आली म्हणून ती हातातल्या व्हिडिओ कॅसेट ओढणीखाली दडवून समोरच्या जिन्यात शिरली, आणि जिना संपला तिथं एक तरुण जुन्या, मोठ्या पोटाच्या टीव्हीमागं डोकं घालून बसला होता.

"डीव्हीडी करून मिळंल?" तिनं विचारलं, नकाराची तयारी ठेवूनच.

"मिळंल की," तो म्हणाला. "किती तासाचं हाय?"

एवढंच! पण चार ठिकाणी नकार खाऊन आलेल्या पोरीला हे 'मिळंल की' किती गोड लागलं, ते तिचं तिलाच माहीत.

त्याचं नाव गोमटेश. मूळचा निपाणीचा, काकांचा स्टुडिओ सांभाळायला बेळगावात आलेला. तिच्या हातात दोन छोट्या कॅसेट होत्या, पंधरा वर्षांपूर्वीच्या. तिचे वडील सुबराव, म्हणजे आप्पा, वडगावातले हातमागावरचे विणकर. एका पाहुण्यानं हौसेनं त्यांचं साडीचं विणकाम दोन तास टिपून ठेवलं होतं. आता आप्पांचे हात थरथरायचे, माग कधीच मोडीत निघाला होता. घरात एक डीव्हीडी प्लेअर तेवढा होता, आणि आप्पांना स्वतःचे हात पुन्हा एकदा चालताना बघायचे होते.

चार दिवसांनी गोमटेशनं मोठ्या ऐटीत डिस्क लावली. "दोन्ही कॅसेट एकाच डिस्कमध्ये बसवल्या बघा!"

सुवर्णा टीव्हीजवळ गेली. डोळे बारीक केले. "हा काठ न्हवं... ही गोधडी झालीया."

"आँ?"

"आप्पांच्या काठात बारीक चौकडा असतोय. हितं नुसते ठोकळे दिसत्यात."

तो ओशाळला. "एका डिस्कमध्ये जागा तेवढीच असते. दोन तास कोंबले की दर सेकंदाच्या वाट्याला कमी येतं. मग बारीक नक्षी आधी जाते."

"मग दोन डिस्क करा. भरपूर वाट्याला येऊ दे."

"लई कडक हाय तुम्ही."

"विणकराची पोरगी हाय. एक धागा चुकला तरी कळतंय."

ती जिना उतरून गेली, तरी तो दाराकडंच बघत राहिला. हे तिला कसं कळलं? तिनं वळून पाहिलं ना!

दुसऱ्या खेपेला काठ झकास उतरला होता. एकेक चौकडा मोजून घ्यावा. पण आडवा धागा घेऊन मागात ये-जा करणारा धोटा दिसला तशी सुवर्णाच्या कपाळाला आठी पडली.

"धोटा उड्या मारतोय."

"कुठं?" गोमटेश वाकून बघायला लागला. दोघांची डोकी टीव्हीसमोर इतकी जवळ आली की तिच्या वेणीतल्या अबोलीचा गजरा त्याच्या कानाला लागला. तो मागं झाला नाही... तीही नाही.

"बघा, उजवीकडनं आला – मागं गेला – मग पुढं. आप्पांचा धोटा असा कधी अडखळला न्हाय."

"कॉम्प्युटरवर बरा दिसत होता..." तो पुटपुटला आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "चुकलो! ह्या टीव्हीवर चित्र सगळं एकदम येत न्हाय. आधी एकाआड एक ओळी येत्यात, मग मधल्या. कुठल्या आधी, ते मी उलटं निवडलं."

सुवर्णा खळखळून हसली. "मागावर बी तसंच की! एकाआड एक धागे वर, धोटा पार. मग उरलेले वर, धोटा परत."

"म्हणजे जे मी कोर्स करून शिकलो ते तुमच्या आप्पांना आधीच म्हाईत होतं?"

"व्हय. आणि ते उलटं करत न्हाईत."

तो तिच्याकडं बघत राहिला. धोटा बिचारा पडद्यावर उड्या मारतच होता.

तिसऱ्या खेपेला सगळं जिथल्या तिथं होतं. काठ लख्ख, धोटा सरळ, आप्पांचे हात असे चालत होते की सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मग तिच्या ध्यानात आलं. आता डिस्क घ्यायची, पैसे द्यायचे, जिना उतरायचा. परत यायला काही उरलंच नव्हतं.

"रंग... जरा फिका वाटतोय," ती म्हणाली. धडधडीत खोटं!

"बघतो," तो शांतपणे म्हणाला. "मंगळवारी या."

मंगळवारी तिला आवाज बारीक वाटला. "शनवारी या," तो म्हणाला.

त्या दिवसांत वडगावातल्या तिच्या गल्लीत यंत्रमाग खडखडत राहायचे आणि ही खिडकीशी बसून वार मोजायची. त्याची बोटं आठवायची, 'बघतो' म्हणताना खाली झुकणारी नजर आठवायची. जीव नुसता तिकडं ओढ घ्यायचा. पण संध्याकाळी आप्पा विचारायचे, "झाली का गं आमची फिल्म?" – आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अजून थोडं हाय, आप्पा." आपल्या सुखापायी आपण बापाला ताटकळत ठेवतोय, हे तिला पुरतं कळत होतं.

शुक्रवारी पुण्याहून थोरल्या भावाचा, ज्योतिबाअण्णाचा फोन आला. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. आप्पांना आणि तिला कायमचं घेऊन जायला.

शनिवारी ती जिना चढली. गोमटेशनं डिस्क लावली. तिनं टीव्हीकडं पाहिलंच नाही.

"छान झालीया," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपेला बी छानच होती. मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"तिसरी, चौथी, पाचवी... सगळ्या एकच हायत. मी कायबी बदललं न्हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर... तुम्ही घेऊन गेला असता."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सगळं एका दमात सांगून टाकलं – अण्णा, गाडी, पुणं, कायमचं. त्याचा चेहरा उतरला.

"उद्या सकाळी येऊ का?" तो चाचरत म्हणाला. "प्लेअर जोडून देतो. त्याची वायर कधी कधी..."

"प्लेअर मला जोडता येतोय," ती म्हणाली. "निमित्तं लई झाली, गोमटेश. यायचं तर माझ्यासाठी या. आप्पांना तसं सांगा."

तिच्या तोंडून स्वतःचं नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

"अण्णा कधी पोचतो?"

"धाला."

"मी नवाला येतो."

त्या संध्याकाळी आप्पा टीव्हीसमोर बसले. पडद्यावरचे हात चालू झाले तशी मांडीवरची थरथरती बोटंही हलायला लागली. त्यांनी एकदाही पापणी मिटली नाही.

"झकास केलंय," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "कुणी केलं गं?"

"गोमटेश. निपाणीचा हाय. उद्या येणार हायत. तुमाला भेटायला."

"मला कशाला?"

"माझ्यासाठी, आप्पा."

आप्पांची बोटं थांबली. नजर मात्र पडद्यावरच होती. साडीचा काठ बोटभर पुढं सरकला, आणखी बोटभर सरकला.

"गोमटेश म्हंजे जैन. कांदा-लसूण खात न्हाईत ती माणसं," अखेर आप्पा म्हणाले. "जमंल तुला?"

"जमंल," ती म्हणाली, आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली.