सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या जागेसाठी मैथिली बेंद्रेला सात गुण कमी पडत होते. डोंगरखेडा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तीन महिन्यांच्या आंतरवासितेत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, जास्तीत जास्त आठ गुण मिळत. म्हणजे तिला एकच गुण गमावण्याची चैन परवडणार होती. गुण होते नोंदींच्या सचोटीला: रुग्णाच्या नावापुढचा प्रत्येक आकडा खरोखर मोजलेला हवा. आकड्यांचा आधार नसताना डॉक्टरने कुणाला जिल्हा रुग्णालयात पाठवायची विशेष शिफारस केली आणि ती फुकट गेली, की एक गुण वजा. मैथिलीकडे सेवाभाव नव्हता असं नाही. पण त्याला गुण नव्हते, म्हणून तो तिने सामानात सगळ्यात खाली ठेवला होता.

केंद्राचे वैद्यकीय अधिकारी तीन केंद्रं सांभाळत आणि फक्त मंगळवारी उगवत. बाकीचे दिवस केंद्र चालवायच्या लोखंडे सिस्टर. नाव गंगासागर, नोकरी एकोणीस वर्षांची, आवाज शाळेच्या घंटेसारखा. पहिल्याच सकाळी मैथिली त्यांच्या शेजारी बसली आणि पडद्यावर एकामागून एक उमटणारे आकडे बघत राहिली.

"सिस्टर, या आजींचा रक्तदाब तुम्ही मोजला कधी?"

"बघितलं की त्यांच्याकडं."

"पण एकशेवीस-ऐंशी लिहिलंत."

"मग रिकामं ठेवू? रिकामं ठेवलं की यंत्र पुढं सरकत नाही. सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी. तुमच्याच पुस्तकात तेच चांगलं म्हणून लिहिलंय ना? मग माझ्या गावाला कशाला कमी देऊ?"

रांगेतल्या दोघी हसल्या. त्या दिवशी अडुसष्ट रुग्ण आले. सिस्टरांनी रक्तदाबाचा पट्टा बांधला नऊ जणांना. कुणाला बांधायचा ते त्या कशावरून ठरवत, विचारायची सोय नव्हती. माणूस दारातून आत येईपर्यंत ते ठरलेलं असे.

या नोंदी वाचायचा जोखीमदर्शक. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीवर बसवलेला तो पडदा दर दुपारी एक वाजता दिवसभरातल्या रुग्णांची क्रमवारी लावी, आणि पहिल्या पाचांसाठी जिल्ह्याहून आपोआप गाडी निघे. गाडीत जागाच पाच. यंत्र या केंद्राच्या अकरा वर्षांच्या नोंदींवर शिकलं होतं: कुणाच्या नावापुढे काय लिहिलं होतं आणि पुढे त्याचं काय झालं. त्याने पाठवलेल्या शंभरांतल्या नव्वदांना खरोखरच उपचारांची गरज निघे. जिल्ह्यात डोंगरखेड्याचं उदाहरण देत.

"इतक्या खोट्या नोंदींवर हे नव्वद येतात, तर खऱ्या नोंदींवर किती येतील!" मैथिली म्हणाली.

"घ्या मग पट्टा," सिस्टर म्हणाल्या. "तुमचे हात तरुण हायत. मी लसीकरणाच्या खोलीत बसते. पोरं रडतात, पण प्रश्न विचारत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून मैथिलीने येणाऱ्या प्रत्येकाला पट्टा बांधला. पडद्यावर एकशे चौदा, एकशे सदतीस, एकशे एक असे जिवंत आकडे उमटू लागले. दुपारी एक वाजता यंत्राने सत्तेचाळीस नावं धोक्याची म्हणून लाल केली.

जिल्ह्याहून फोन आला. जोखीमदर्शकाची विदा, म्हणजे डेटा, सांभाळणारा तज्ज्ञ रिझवान मणियार विचारत होता, "मॅडम, गावात साथ आलीय का कसली?"

"साथ नाही. मी मोजतेय."

"मोजताय? बरं. यंत्राला सवय होईल."

लाल नावं कितीही असली तरी जागा पाचच. इतकी नावं सारखीच लाल, म्हणून यंत्र आता नुसत्या आकड्यांच्या उंचीवरून रांग लावू लागलं. वर्षानुवर्षं एकशे पन्नासवर सुखाने जगणारे म्हातारे गाडीत बसून जिल्हा बघून येऊ लागले. पहिल्याच आठवड्यात मैथिलीने एका छातीत दुखणाऱ्या गृहस्थांची विशेष शिफारस केली. निघालं पित्त. तिचा परवडणारा गुण तिथे संपला.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, शिवकन्या गायके आली. वय बावीस, सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. मैथिलीने पट्टा बांधला: एकशे सव्वीसवर ब्याऐंशी. मागच्या चारही भेटींत एकशेवीस-ऐंशी. म्हणजे सिस्टरांचे न मोजलेले आकडे; तुलनेला दुसरं काही नव्हतं. लघवी तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. सोमवारी येणार होत्या.

लसीकरणाच्या खोलीतून बर्फाचा डबा न्यायला आलेल्या सिस्टर दारात थांबल्या. शिवकन्येकडे बघून म्हणाल्या, "हिला आज पाठवा."

मैथिलीने पडद्याकडे पाहिलं. एकची क्रमवारी नुकतीच लागली होती; शिवकन्या एकेचाळिसावी होती.

"सिस्टर, कारण काय लिहू?"

"लिहा, सिस्टर म्हणते."

"त्याला रकाना नाही."

"विशेष शिफारस करा. मला तो अधिकार नाही, तुम्हाला हाय."

"आधार काय देऊ पण? आकडे तर चांगले आहेत."

सिस्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांनी बरेच आंतरवासी डॉक्टर पाहिले होते, आणि कोण कशासाठी आलंय हे त्यांना पट्ट्याशिवाय कळे. "तुमची मोजदाद तुमच्यापाशी," एवढंच बोलून त्या बर्फ घेऊन गेल्या.

"मग जाऊ का मी, मॅडम?" शिवकन्येने विचारलं.

"सोमवारी या. लघवी तपासू."

शनिवारी सकाळी घरात स्वयंपाक करताना शिवकन्येला झटके आले, गरोदरपणात दाब चढला की येतात तसे. जिल्ह्याला पोचेपर्यंत बाळाचे ठोके थांबले होते. ती वाचली.

बुधवारी रिझवान स्वतः केंद्रात आला, बरोबर अकरा वर्षांची विदा घेऊन. मैथिली आणि सिस्टर समोर बसल्या. मैथिलीने रात्रंदिवस घोकलेला प्रश्न विचारला. "माझे आकडे खरे होते. मग यंत्र चुकलं कसं?"

"आकडे खरे झाले म्हणूनच चुकलं," रिझवान म्हणाला. "हे यंत्र रक्तदाब शिकलेलंच नाही. अकरा वर्षांत त्याने काय पाहिलं? शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांपुढे तोच एक आकडा, आणि ती माणसं सुखरूप घरी. उरलेल्या तेरा जणांपुढे दुसरे आकडे, आणि आजारी पडली ती त्यांतलीच. आकडा एकशे दहा असो की एकशे साठ. यंत्राला कळलं ते एवढंच, की ज्याला पट्टा बांधला तो धोक्यात. ते सिस्टरांची नजर शिकलं. एकशेवीस-ऐंशी म्हणजे त्याच्या भाषेत 'सिस्टरांना काळजी वाटली नाही.' तुम्ही सगळ्यांना पट्टा बांधलात आणि ती नजर नोंदींतून पुसली गेली."

"म्हणजे पूर्वीच्या पद्धतीत शिवकन्या..."

"सिस्टरांनी पट्टा बांधला असता. एकशे सव्वीस लिहिलं असतं. आकडा साधा, पण एकशेवीस-ऐंशी नव्हे. त्यात सातवा महिना. ती पहिल्या पाचांत आली असती."

मैथिली सिस्टरांकडे वळली. "तुम्हाला काय दिसलं होतं तिच्यात?"

"पायात नवऱ्याच्या चपला होत्या. स्वतःच्या मावत नसणार. सूज."

रिझवानने एक कागद पुढे सरकवला. गोष्ट सिस्टरांच्या बाजूने संपू द्यायची त्याची इच्छा दिसत नव्हती. शिवकन्येला लग्नाआधी कॉलेजच्या रक्तदान शिबिरातून दाब कमी म्हणून परत पाठवलं होतं. तिथली नोंद होती ब्याण्णववर साठ.

"तिचा दाब मुळात कमीच," तो म्हणाला. "तिच्यासाठी एकशे सव्वीस म्हणजे डोंगर होता. आधीच्या चार भेटींत कुणी मोजला असता, तर मॅडमना चढ दिसला असता."

सिस्टरांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. घंटेचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "चार भेटी माझ्या," त्या म्हणाल्या.

"आता काय करायचं?" मैथिलीने विचारलं.

"यंत्र नव्याने शिकायला दोन वर्षांच्या खऱ्या नोंदी लागतील. सिस्टरांसाठी वेगळा रकाना केला तरी त्याचा अर्थ शिकायला तितकाच वेळ. तोवर ते आंधळं. रोजच्या पाच जागा आंधळ्याच्या हातात."

"किंवा?"

"किंवा पूर्वीसारखं लिहा. हे मी बोललो नाही."

मैथिली दोन दिवस पूर्वीसारखं लिहायला धजावली नाही. तिसऱ्या दिवशी तापाने फणफणलेलं एक मूल सदतिसावं आलं, तेव्हा तिने सिस्टरांची खुर्ची लसीकरणाच्या खोलीतून उचलून परत आपल्या शेजारी आणली. मूल विशेष शिफारशीवर गेलं. पुढच्या सकाळपासून ती प्रत्येकाला पट्टा बांधी, आकडा वाची आणि सिस्टरांकडे बघे. सिस्टरांनी मान हलवली तर आकडा लिही. नाही हलवली, तर एकशेवीस-ऐंशी. आठवड्याभरात लाल नावं नऊवर आली. जिल्ह्याने अभिनंदन कळवलं आणि आकडे पुन्हा एकसारखे दिसताच नोंदींच्या सचोटीचे गुण काढून घेतले.

पाच आठवड्यांनी शिवकन्या आली. दर आठवड्याला रक्तदाब मोजायचा, असं तिला जिल्ह्यात सांगितलं होतं. पायात तिच्याच चपला होत्या. मैथिलीने पट्टा बांधला.

"एकशे चारवर अडुसष्ट. छान आहे."

तिने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी शिवकन्येला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काळजीचं काही नव्हतं. त्यांची मान हलली नाही.

मैथिलीची बोटं पडद्यावर थांबली. एकशे चार लिहिलं, तर यंत्र नुकतीच बाळंत झालेली म्हणून या धडधाकट बाईला गाडीत बसवणार आणि दिवसातला पाचवा माणूस मागे राहणार. एकशेवीस-ऐंशी लिहिलं, तर पुढच्या बाळंतपणात जो डॉक्टर येईल, त्याला हिचा मुळातला दाब पुन्हा कधीच कळणार नाही. त्या आकड्याअभावी काय होतं, ते या खोलीतल्या तिघींनी पाहिलं होतं.

तिने एकशेवीस-ऐंशी लिहिलं.

शिवकन्या बारावी शिकलेली होती. "मॅडम, तुम्ही एकशे चार म्हणालात."

"हो."

"मग हे?"

मैथिलीने समजावून सांगितलं, गाडी, पाच जागा, सिस्टरांची नजर, सगळं. शिवकन्येने मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे खरं लिहिलं तर कुणी दुसरं मरतंय," ती शेवटी म्हणाली, "आणि खोटं लिहिलं तर मी."

"तसं अगदी..."

"पेन द्या."

गोळ्यांच्या पाकिटाच्या पाठीवर तिने तारीख घातली आणि खाली एकशे चार, अडुसष्ट असं लिहिलं. पाकीट ब्लाउजमध्ये खोचून ती उठली आणि पुढच्या बाईला बसायला जागा दिली.

त्या वर्षअखेरीस यंत्राचे शंभरांत एक्क्याण्णव बरोबर निघाले. सिस्टरांना जिल्ह्याचं सन्मानपत्र मिळालं. ते त्यांनी भिंतीवर लावलं नाही. मैथिलीची जागा दुसऱ्या कुणाला गेली, आणि तिला ती मोठी किंमत वाटली, पण ती जागा दरवर्षी नव्याने निघते. शिवकन्येने एक मूल दिलं, आणि स्वतःचा रक्तदाब सांभाळायचं कामही तिच्याच अंगावर आलं. पाकिटं आता सत्तावीस झाली आहेत. केंद्राच्या नोंदींप्रमाणे मात्र तिला कधी काही झालेलंच नाही.