दोन्हीकडे सिंह

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी ताडकळसला दत्तरावांच्या घरी कळलं, की आजीचं नाणं गेलं.

आजी, म्हणजे नर्मदाबाई, माघात वारली होती. तिच्याकडे एक अजब जुना रुपया होता. एका बाजूला नेहमीचे उठावदार सिंह. दुसऱ्या बाजूला आकडा आणि कणसांऐवजी तेच सिंह, पण उलटे आणि आत दबलेले. सणाला गोड पुऱ्यांवर ती ही दबलेली बाजू दाबायची. पुरीवर सिंह सुलटे उमटायचे. यंदा तिच्याच नावानं पाण्याचा घट पुजायचा होता, म्हणून दत्तराव आजोबा स्वतः परातीशी बसले. त्यांनी पहिली पुरी दाबली. सुट्टीला आलेली नात उत्तरा शेजारीच होती.

"आजोबा, सिंहाच्या अंगावर कणीस कुठून आलं?"

आजोबांनी पुरी उजेडात धरली. "हे तिचं न्हाई," म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

उत्तराच्या उद्धवकाकांनी सणाआधी ते नाणं आठवडी बाजारात जुनी नाणी विकणाऱ्या नाणेवाल्याकडे चकचकीत करायला टाकलं होतं. परत घेताना त्यांनी धड पाहिलंही नव्हतं. घासल्यामुळं दिसत असेल कणीस, असं म्हणून त्यांनी मोटारसायकल काढली.

"घासून असलेलं जातं. नसलेलं कसं येईल?" शेजारची संघप्रिया म्हणाली.

गल्लीतल्या अवधूतच्या वडिलांचं गॅरेज होतं. असं खोटं नाणं बनवता येतं का ते बघायला तिथल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात तिघा पोरांनी दोन जुने रुपये एकमेकांवर ठेवून जोर लावून आवळले. एकाच्या आकड्यावर दुसऱ्याचे सिंह दबले, पण खालची कणसं पुसटशी राहिलीच. अगदी काकांनी परत आणलेल्या नाण्यासारखी!

आठवडी बाजारात उत्तरानं टरबुजाचं निमित्त करून काकांना सोबत नेलं. त्यांना जरा मागं उभं करून पोरं नाणेवाल्यासमोर बसली. अवधूतनं आपलं नाणं पुढं केलं.

नाणेवाला हसला. "व्हाइसमधी दाबलंय की रे हे! कणीस पुरतं पुसलंय का बघ. वरच्या बाजूचे सिंहबी चपटे झालेत. खरं असलं नाणं टांकसाळीतल्या चुकीनंच बनतं. आधीचं नाणं साच्याला चिकटून बसतं अन् नवी चकती त्याच्यावरच दाबली जाती. आकड्याचा साचा तिला लागतच न्हाई."

"उगी सांगायलेत," संघप्रिया अवधूतला म्हणाली. "तसलं खरं ह्यांनी तरी कुठं बघितलंय?"

नाणेवाल्याला ते झोंबलं. त्यानं खिशातली डबी उघडून एक रुपया तळहातावर ठेवला. सिंह धारदार. दबलेल्या बाजूला कणसाचा मागमूस नाही.

उत्तरानं घरून आणलेलं नाणं त्याच्याशेजारी ठेवलं. "मग तुमी काकांना दिलेल्या ह्याच्यावर कणीस कसं?"

काका पुढं येऊन वाकले. दोन्ही नाणी त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. चुकून बदललं असेल, असं नाणेवाला पुटपुटला, पण भोवती माणसं जमली होती. त्यानं डबीतलं नाणं काकांच्या हातात दिलं.

घरी काकांनी सगळी हकीकत सांगितली. "मोठा असून मला दिसलं न्हाई, पोरांना दिसलं," ते म्हणाले. आजोबांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. "लय हुशार पोरं तुमी," म्हणाले आणि नाणं मुठीत धरून बसले.

आजीला हे नाणं मिळालं कुठं, असं अवधूतनं विचारलं. आजोबांनी मूठ उघडून नाण्याकडं पाहिलं.

"मी कधी इचारलंच न्हाई," ते म्हणाले.

काकांनाही माहीत नव्हतं. आजीला विचारायचं राहूनच गेलं होतं.