पडद्यावरचा तिसरा खांब

मंगळावरच्या शाळेत स्नेहसंमेलन आलं, की गुंडोपंतांना थकवा येई. गुंडोपंत म्हणजे भूमिती शिकवणारे जुने यंत्रमानव. दरवर्षी तेच हार, तीच भाषणं आणि पडद्यावर तोच पृथ्वीवरचा रस्ता.

यंदा रस्ता मैथिली रंगवत होती. कडेचे विजेचे दोन खांब कालच झाले होते. तिसरा कुठे काढायचा?

“सारख्या अंतरावर काढला, तर खांब भांडून लांब उभे राहिल्यासारखे दिसतात, काका! संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर मुख्याध्यापक ढवळे सर कोरा पडदा लावणार. खाली माझं नाव!”

गुंडोपंतांनी उसासा टाकला, म्हणजे पोटातला पंखा फिरवला. “ही प्रक्षेपी भूमिती (लांबचं जग सपाट चित्रात कसं उतरतं, ते सांगणारं गणित). वैश्लेषिक पद्धतीनं (बिंदूंना आकडे देऊन) कालच काढून ठेवलंय. डाव्या कडेपासून एकशेचाळीस सेंटिमीटर.”

मैथिलीनं खडूनं खांब काढला. “हा तर पळून चाललाय!”

“गणित बरोबर आहे,” गुंडोपंत म्हणाले. शिक्षक तसं म्हणतातच.

“अय्या, पण पडदा स्टेजला मोठा होत होता. बाबांनी सकाळी डावी कड दुमडून शिवली.”

“मला सांगायचं नाही?”

“तुम्ही चार्जिंगला होता.”

कडच सरकली, तर बिचारे आकडे काय करणार? “पूस तो. दोरी आण. आता संश्लेषी पद्धत (न मोजता, रेषेला रेषा जोडत जाणं). दोरीला कडेशी देणंघेणं नाही. पहिल्याच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून खाली ताण. बुंध्यांच्या रेषेला टेकेल तिथे तिसरा.”

“पण का?”

गुंडोपंत चमकले. मुलं एरवी ‘परीक्षेला आहे का’ एवढंच विचारत.

“खऱ्या रस्त्यावर पहिला आणि तिसरा खांब मिळून आयत होतो. त्याचा कर्ण मधल्या खांबाच्या मध्यातून जातो. चित्रात खांबांमधली अंतरं आकसतात, पण सरळ रेषा सरळच राहते. आणि उभ्या खांबाचा मध्यही मध्यच राहतो.”

चौथा, पाचवा खांब भराभर झाले.

“मग आकडे कशाला हवेत?”

“शेंड्यांची आणि बुंध्यांची रेषा जिथे मिळतात तो लोपबिंदू (चित्रात रस्ता दिसेनासा होतो ती जागा) पडद्याबाहेर आहे, भिंतीपलीकडे. तिकडे श्वासापुरतीही हवा नाही. दोरी घेऊन कोण जाणार? आकडे जातात.”

संध्याकाळी पडदा उघडला. बालवाडीतला एक मुलगा उठून थेट त्या रस्त्यानं निघाला आणि नाक आपटल्यावरच थांबला. ढवळे सरांनी आणलेला कोरा पडदा घडी करून ठेवला. त्यांच्यापरीनं ते कौतुकच होतं.

“काका, उद्या तो भिंतीपलीकडचा बिंदू काढू या?”

“आधी कड कुणी दुमडलीय का, ते विचारून ये,” गुंडोपंत म्हणाले आणि त्या रात्री चार्जिंगला जायचं विसरले.