घडी मोडली कुणी?

जिवंत साडी धुवायची नसते, तिला इस्त्री करायची नसते आणि ती कुणाला नेसायला द्यायची नसते. पहिल्या दोन गोष्टी बायकांनी आनंदाने मान्य केल्या. तिसरी मात्र इचलकरंजीत कुणाच्या पचनी पडली नाही.

दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात कापडबाजार भरतो. कंपनीचा माल इथे चालत नाही. वीस-बावीस कारागीर आपापल्या मांडवाखाली बसतात. कुणी केळीच्या सोपाचं कापड विणतं, कुणी जुन्या जीन्सच्या चिंध्यांतून पुन्हा सूत काढतं. जमिनीवर आणि पाण्यावर भार टाकायचा नाही, एवढाच इथला नियम. शाल्मली कोष्टीच्या मांडवात जिवंत कापड मिळतं. ती शिकली सूक्ष्मजीवशास्त्र आणि वाढली आजोबांच्या मागाच्या खडखडाटात.

तिच्या सुतात जंतू असतात. घाबरायचं कारण नाही, दह्यातही असतातच, आणि शाल्मली सुताला विरजणच लावते. हे जंतू नेसणाऱ्याच्या घामावर जगतात, मळ खातात, विरलेली जागा नव्या धाग्याने भरून काढतात. साडी चाळीस वर्षं टिकते. फक्त जंतूंना आपलं माणूस एकदाच ठरवता येतं. पहिल्यांदा नेसल्यापासून बारा तासांत ते त्या अंगाची ऊब, घाम आणि कातडीवरचे जंतू आपलेसे करतात, ते कायमचे. याला शाल्मलीने नाव दिलं होतं ‘अंगओळख’. सोबतच्या पत्रकात पहिलीच ओळ ठळक होती : ही साडी पहिल्यांदा स्वतःच नेसा. पण पत्रक वाचणारं गिऱ्हाईक अजून कुठल्याच प्रयोगशाळेत तयार झालेलं नाही.

स्नेहल मगदूम श्रावणातल्या एका रविवारी शाल्मलीकडून घेतलेल्या जिवंत साडीच्या तपासणीसाठी आली ती साडी नेसूनच. लेकीकडेच राहणाऱ्या तिच्या आई सुवर्णाबाई मांडवाशेजारच्या लिंबाखाली खुर्चीत बसल्या होत्या आणि नणंद दीपाली त्यांच्याजवळ थांबली होती. दीपालीने लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरीच तिचा जन्म गेला होता.

“आता मस्त बसतीय बघ,” स्नेहल म्हणाली. “पहिले तीन महिने नुसती खाज. अंगाची आग आग व्हायची. म्हटलं, नवीन आहे, होईल सवय.”

पदर तपासणारा शाल्मलीचा हात थांबला. “खाज कशी येईल, काकू? पहिल्यांदा तुम्हीच नेसली होती ना?”

“छे गं! घडी वन्संनी मोडली.” स्नेहलला हा प्रश्नच विचित्र वाटला. “लेकाच्या साखरपुड्याला दिवसभर त्याच नेसल्या होत्या. माझी दोन बाळंतपणं काढली त्यांनी. त्यांना घडी मोडायला द्यायची नाही तर कुणाला?”

आपण पत्रक छापलं, पण आपल्याच माणसांची रीत विसरलो, हे शाल्मलीच्या तेव्हा लक्षात आलं. साडी दीपालीची झाली होती. ती स्नेहलला जन्मभर खाजत राहायला हवी होती. मग खाज थांबली कशी?

तिने कापसाचा बोळा आधी पदरावर, मग स्नेहलच्या मनगटावर आणि मग दीपालीच्या मनगटावर फिरवला. टेबलावरच्या यंत्राने तिन्हींचे आलेख काढले. तिन्ही रेषा एकमेकींवर बसल्या. साडीची मागणी नोंदवताना घेतलेली स्नेहलची जुनी रेषा मात्र वेगळीच होती.

“काकू, साडी बदललेली नाही,” शाल्मली हळूच म्हणाली. “तुम्ही बदललात.”

“म्हणजे काय?”

“प्रत्येकाच्या कातडीवर जंतूंची एक वस्ती असते. माणसाचा वास म्हणजे त्या वस्तीतल्या चुलींचा धूर. साडीतली वस्ती दीपालीकाकूंची. ती रोज तुमच्या अंगावर. तीन महिने दोन्हींचं भांडण चाललं, म्हणून खाज. मग तुमची वस्ती उठून गेली.”

“रोग लागला का मला?”

“नाही. तब्येत उत्तम आहे. फक्त तुमच्या अंगाचा वास आता त्यांचा आहे.”

स्नेहल हसली. “एवढंच व्हय? एका घरात राहतोय आम्ही, काय बिघडलं?” मग तिची नजर लिंबाखाली गेली आणि हसू पार मावळलं.

काचबिंदूने सुवर्णाबाईंची दृष्टी जाऊन चार वर्षं झाली होती. पाठोपाठ आठवण गेली, आवाजांची ओळख गेली. घरातले आणि त्यांची नावं उरली ती केवळ वासाने. स्नेहलचा हात नाकाशी नेऊन त्या म्हणायच्या, “आलीस व्हय स्नेहू?” गेले दोन महिने ते बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला. दिवाळीपर्यंतच काढतील, असंही बोलले. स्नेहलने रडून घेतलं आणि मान्य केलं.

“मला दीपा म्हणते गं ती,” स्नेहल म्हणाली. “मला वाटलं, सगळं विसरली.”

“विसरल्या नाहीत, काकू. त्यांचं नाक बरोबर सांगतंय.”

“माझा जुना नमुना आहे ना तुझ्याकडं?”

“त्याचे आकडे आहेत. जंतू राहिले नाहीत.”

“आणि आज साडी सोडली तर?”

“वर्ष तरी लागेल. पूर्वीसारखं होईलच असं नाही.” शाल्मलीने यंत्र बंद केलं. “चूक माझी आहे. मी तोंडानं सांगायला हवं होतं.”

पडद्याआड जाऊन स्नेहलने साडी सोडली, शाल्मलीने दिलेला साधा सुती झगा घातला आणि साडी मांडवामागच्या खताच्या पिंपात टाकली. दोन वर्षं वाट पाहून मिळालेली साडी होती ती. दीपालीने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले होते.

“वहिनी, माझ्यामुळं झालं हे.”

“तुम्ही काय केलंत? मीच दिली की तुम्हाला हौसेनं.”

दोघी सुवर्णाबाईंच्या दोन बाजूंना बसल्या. स्नेहलने आपला हात आईच्या हातात दिला. म्हातारीने तो नाकाशी नेला.

“दीपा, स्नेहू अजून आली नाही का गं?”

दीपालीला राहवलं नाही. “मावशी, ती स्नेहूच आहे. दीपा मी. हा घ्या माझा हात.”

सुवर्णाबाईंनी एक हात हुंगला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. त्या जराही गोंधळल्या नाहीत. दोन्ही हात एकावर एक ठेवून त्यांनी मायेने थोपटले.

“म्हातारीची चेष्टा करतीस व्हय?” त्या म्हणाल्या. “दोन्ही हात तुझेच की.”