सर्व कार्डे परत

मंडळाच्या मासिक पत्रकाची शेवटची ओळ कधी बदलली नव्हती. कोण पहिला आला, कुणाचा पाय मुरगळला, पुढच्या महिन्यात पाचगणीला जायचं की दंडोबाच्या डोंगरावर, हे सगळं सांगून झालं की प्रशांत बनसोडे खाली लिहायचा, ‘सर्व कार्डे परत.’ मग स्टेन्सिलवरून हात उचलायचा आणि बायकोला, मायाला, चहा टाकायला सांगायचा.

प्रशांत सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर होता. आठवडाभर कालव्यांचे आणि पाटचाऱ्यांचे नकाशे उतरवून काढायचे आणि रविवारी स्वतः काढलेल्या नकाशात माणसं सोडायची, हा त्याचा शौक. दिशाशोध मंडळ काढलं होतं सुभेदार हिंदुरावांनी. फौजेतून परतलेली माणसं उसात शिरतात नाहीतर राजकारणात. सुभेदार रानात शिरले. खेळ तसा सरळ. हातात नकाशा, होकायंत्र आणि एक जाड कार्ड. रानात आठ ठिकाणी लाल-पांढरी निशाणं टांगलेली, प्रत्येकापाशी टाचण्यांचा एक ठसा. त्या ठशानं कार्डावरच्या चौकटीत भोकं पाडायची आणि आठही झाली की शेवटच्या टेबलावर कार्ड द्यायचं. प्रत्येक ठशाची भोकं वेगळी, त्यामुळे लबाडीला वाव नाही. ठसे केले होते गावभागातल्या नाथाजीनं. एरवी तो भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घालायचा. लोक मंडळाला हसायचे. घरदार असून दर रविवारी हरवायला जातात, म्हणायचे.

शेवटच्या टेबलाचा नियम सुभेदारांचा होता. “घड्याळाकडं बगायचं, कार्डाकडं बगायचं. त्वांडाकडं न्हाई. त्वांड बगितलं की आपला-परका व्हतो आन सेकंद चुकतो.” आणि दुसरा नियम, “कार्ड आलं की मानूस आलं.” टेबलावर कायम प्रशांत बसायचा. तीन वर्षांत त्यानं एकदाही मान वर केली नव्हती. पुढे आलेल्या हातातून कार्ड घ्यायचं, वेळ टाकायची, “पाणी पी” म्हणायचं, की पुढचा. या गोष्टीचा त्याला अभिमान होता. अभिमान कशाचा धरावा, हे माणसाला आधी कुठं कळतं!

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात मंडळाची स्पर्धा कोयनानगरच्या वर, नवजाच्या वाटेवरच्या जंगलात होती. एकतीस जण उतरले, त्यांत नऊ शाळकरी मुली. प्रशांतची दीक्षा त्यांतलीच, तेरा वर्षांची. कार्ड क्रमांक सतरा. आदल्या दिवशी सगळ्या कार्डांवर त्यानंच निळ्या शाईनं नावं घातली होती.

दुपारी बारा एकेचाळीसला जमीन जराशी हलली. कोयनेला त्याचं कुणाला काही वाटत नाही. चहावाल्यानं भांडं धरून ठेवलं आणि पुन्हा सोडलं. प्रशांत तेव्हा सतरा नंबरच्या कार्डावर वेळ टाकत होता. पेन घसरलं आणि चाराच्या आकड्याला शेपूट फुटलं. कार्ड एका कडेनं ओलं होतं, देणारी बोटंही ओली होती. एकही निशाण पाण्याजवळ नव्हतं, हे त्याच्या मनात आलं, पण मागं रांग होती. “पाणी पी,” तो म्हणाला.

एकतीस कार्डं गेली, एकतीस आली. निशाणं उतरवली. मुली एका जीपमध्ये, बाकीचे टेम्पोत. कराडला चहाला थांबले तेव्हा प्रशांत दीक्षासाठी भज्यांचा पुडा घेऊन जीपपाशी गेला. जीपमध्ये आठच मुली होत्या. दीक्षा टेम्पोत बसली असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

अकरा दिवस शोध चालला. पोलीस, वनखात्याची माणसं, धरणात होड्या. रिबिनीचा तुकडासुद्धा मिळाला नाही. मागं राहिलं ते फक्त तिचं कार्ड, आठही चौकटी भरलेलं. आणि जास्तीची छापलेली नववीही. नववं निशाण कुणी लावलंच नव्हतं. त्या चौकटीत पाच भोकं होती, वेडीवाकडी. प्रशांत ते घेऊन नाथाजीकडे गेला. नाथाजीनं कार्ड उजेडात धरलं.

“भाऊसायेब, ह्यो ठसा म्या केल्याला न्हाई.”

“नक्की?”

“आवं, पाच टाचण्यांचा केलाच न्हाई कवा.” मग त्यानं बराच वेळ भोकांवरून बोट फिरवलं. “पर ठिपका माजा हाय. माजा ठिपका डावीकडं झुकतो. ह्यो बी झुकलाय.” कार्ड त्यानं पटकन परत दिलं आणि दिवसाउजेडी दुकान बंद केलं.

माया रडली नाही, भांडली नाही. एकच प्रश्न तिनं विचारला, तोही एकदाच. “तुमी वर का न्हाई बगितलं?” त्यानंतर घरात बोलणं असं राहिलं नाही. शेजारच्या धोंडुबाईनं तांबव्याच्या देवऋषाचं नाव सुचवलं, तेव्हा माया म्हणाली, “आमच्यात चालत न्हाई,” आणि दार लावून घेतलं. प्रशांतही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. नकाशात नाही ते जगात नाही, असं मानणारा माणूस तो. पण कार्ड परत आलं होतं, म्हणजे कुणीतरी ते आणून दिलं होतं, आणि ते त्यानं स्वतः घेतलं होतं. हा हिशोब त्याला झोपू देत नव्हता.

मंडळ मोडलं नाही, कारण प्रशांतनं मोडू दिलं नाही. मुली येईनाशा झाल्या, उरली फौजेच्या भरतीची तयारी करणारी पोरं. सुभेदार खचले होते. नवा नियम त्यांनी स्वतःच घातला, “आता डोकी बी मोजायची. जाताना आन येताना.” दर डिसेंबरात स्पर्धा त्याच जंगलात ठेवायचा हट्ट मात्र प्रशांतचा. त्याच्या तोंडाकडे बघून कुणी नाही म्हणत नसे.

पंच्याण्णव साली त्यानं येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड निरखून बघितलं. सगळी ओळखीची, घामेजलेली पोरं. कार्डं जुळली, डोकी जुळली. संध्याकाळपर्यंत तो त्या टेबलाशी बसून राहिला. शेवटी सुभेदारांनी त्याला लहान मुलासारखं उठवून टेम्पोत बसवलं.

शहाण्णव साली त्याच्यात आशा अशी उरलीच नव्हती. तो टेबलाशी मान खाली घालून बसला, त्यात नियमही नव्हता आणि युक्तीही नव्हती. मान वर करायची इच्छाच मेली होती. पोरांची कार्डं आली, त्यानं वेळा टाकल्या. शेवटी एका ओल्या हातातून एक कार्ड आलं, कडेनं ओलं. निळ्या शाईत, त्याच्याच अक्षरात: दीक्षा प्र. बनसोडे. क्रमांक सतरा. आठ चौकटी, आणि नववी.

वर बघेपर्यंत समोर कुणी नव्हतं. वाऱ्याशिवाय जांभळीची एक फांदी हलत होती.

घरी आल्यावर त्यानं कपाटातलं जुनं कार्ड काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. माया मागं येऊन उभी राहिली. दोन वर्षांनी ती आपणहून बोलली.

“हात केवढा व्हता?”

त्यानं स्वतःच्या पंजावर बोट ठेवून दाखवलं. “मोठा झालाय, माया. बोटं लांब झालीत.”

दुसऱ्या दिवशी माया कासाराकडे गेली आणि हिरव्या काचेच्या सव्वादोनच्या मापाच्या सहा बांगड्या घेऊन आली. स्वतःच्या हातात तिनं दोन वर्षं काही घातलं नव्हतं. वर्षभर त्या बांगड्या कागदात गुंडाळून डब्यात राहिल्या. त्या वर्षात दोघं पुन्हा एका ताटाशी बसू लागली. पंधरा पुरी, सोळावं लागलं, उंची किती झाली असेल, असं मध्येच एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं मान हलवायची. त्या घरातला तेवढाच संसार होता.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात टेबलावर माया बसली.

सोळा धावणारे, आणि सुभेदार, प्रशांत, माया. सकाळी टेम्पोच्या फळीपाशी सुभेदारांनी एकोणीस डोकी मोजली होती. प्रशांतनं मायाला एवढंच सांगितलं, “मान वर करू नको. बघितलं की येत नाही.” आणि तो जांभळीमागे पाठ करून उभा राहिला.

पोरं आली. पाणी प्यायली. टेम्पोकडे गेली. प्रशांत मनात मोजत होता. चौदा. पंधरा. बऱ्याच वेळानं सोळा.

मग पाखरं थांबली.

त्याला पावलं ऐकू आली नाहीत. टेबलावर कार्ड टेकल्याचा आवाज तेवढा आला. मग कागद उलगडल्याचा.

मग काचेवर काच वाजली. एक बांगडी. दुसरी.

माया हळूहळू चढवत होती. सासरी निघालेल्या पोरीला भरावी तशी, हात दाबून, न फोडता. तिसरी. चौथी.

पाचवीला ती थांबली.

प्रशांतनं जांभळीच्या सालीत नखं रुतवली. वळावंसं वाटत होतं. तो वळला नाही.

सहावी वाजली.

“पानी पी,” माया म्हणाली.

तो धावत आला तेव्हा ती एकटीच होती. हात मांडीवर होते, दोन्ही मनगटापर्यंत ओले. समोर कार्ड होतं, सतरा नंबरचं.

“माया, कशी होती?”

तिनं ओले हात पदराला पुसले.

“दीक्षाच्या उजव्या मनगटावर तव्याचा चटका व्हता,” ती म्हणाली. “नववं लागलं तवा भाजली व्हती. रुपयाएवढा डाग. तुमच्या ध्यानात हाय का?”

त्याच्या ध्यानात नव्हता.

“चार बांगड्या घालून झाल्यावर म्या अंगठ्यानं चाचपलं. डाग न्हाई. आवं, ह्यो हात आपल्या पोरीचा न्हाई. पयल्या सालीबी नसंल.”

प्रशांत खाली मातीत बसला. तीन वर्षं तो ज्या एका धाग्याला लोंबकळला होता तो तुटला. दीक्षा शेवटच्या टेबलापर्यंत कधी आलीच नव्हती. ती वर कुठंतरी राहिली होती आणि तिचं कार्ड घेऊन दुसरंच कुणी उतरलं होतं. त्याला त्यानं पाणी पी म्हटलं होतं आणि निशाणं उतरवून तो घरी गेला होता. ती जिवंत असती तरी त्या एका वाक्यानं मेली होती.

“मग सहावी कशाला घातलीस?” त्यानं विचारलं.

“हातानं मागितली,” माया म्हणाली.

दिवस मावळतीला लागला होता. ताडपत्रीखाली पोरं दाटीवाटीनं बसली. माया कोपऱ्यात, स्टेपनीच्या चाकापाशी. प्रशांत तिच्यासमोर. सुभेदार शेवटी चढले आणि शेरडं मोजावीत तसे प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत पुढे सरकले. स्वतःला धरून त्यांचा आकडा झाला.

“ईस?” ते पुटपुटले. पुन्हा मोजले. पुन्हा वीस.

“बनसोडे, सकाळी किती हुतो आपन?”

प्रशांतनं तोंड उघडलं, पण मायानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बरोबर हाय, सुभेदार,” ती म्हणाली. “चला.”

टेम्पो हलला. पहिल्या वळणाला कोपऱ्यातून काच किणकिणली. मायाचे हात उघडेच होते.

ती आपली नाही, हे मायाला ठाऊक होतं. तिनं चाकाकडे सरकून शेजारी जागा केली. अंगावरच्या शालीचं एक टोक त्या मोकळ्या जागेवर धरलं, जरा वेळ धरून ठेवलं, आणि मग सोडून दिलं.

टोक खाली पडलं नाही.