डुलती फळी

मॅरियनने दार ढकललं तेव्हा आत घर असेल अशी तिची साधी समजूत होती. बाहेर पावसाची सर कोसळत होती आणि दार अर्धवट उघडं होतं. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्सटनच्या जुन्या घरांची रस्त्यावरची दारं घरात नेत नाहीत, बाजूच्या लांबलचक ओसरीत नेतात. समोर बाग, डोक्यावर फिकट निळं छत, आणि भिंतीलगत डुलत्या पायांवर, दोन टोकांच्या उभ्या खांबांमध्ये ठेवलेली सोळा फुटांची काळपट हिरवी फळी. साडेतीन तास गाडी चालवून तिची पाठ भरून आली होती. ती फळीच्या टोकावर टेकली.

फळी खाली वाकली… आणि तिला घेऊन वर आली.

"बसलात?" कुणीतरी विचारलं.

ओसरीच्या पलीकडच्या टोकाला हातात ब्रश घेऊन एक तरुण उभा होता. त्याच्या भुवईलाही हिरवा रंग लागला होता.

"माफ करा, दार उघडं होतं म्हणून—"

"उघडं असलं की कुणीही आत यावं, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. पण रंग ओला आहे."

ती ताडकन उठली. पांढऱ्या स्कर्टवर मागे दोन रुंद हिरवे पट्टे उमटले होते.

"पाटी लावायची नाही का?"

"पाटीपुरता रंग उरतो का ते बघत होतो."

हसायचं नाही असं ठरवूनही मॅरियन हसली.

"थिओ, पुन्हा कुणाला बसवलंस?" आतून त्याच्या आत्याचा, मिस युजीनियांचा आवाज आला.

"पुन्हा म्हणजे?" मॅरियनने विचारलं.

"सकाळी पोस्टमन बसला होता," थिओ म्हणाला. "पण त्याला हे पट्टे इतके शोभले नाहीत."

ही गोष्ट एकाहत्तर सालच्या मे महिन्यातली. मुली एवढ्या लांब एकट्या फारशा गाडी काढत नसत तेव्हाची. आत्यांनी आपला जुना निळा स्कर्ट पिना लावून तिला घातला आणि भाच्याला शिक्षा सुनावली: पाऊस थांबला की हिला गाव दाखव.

ती दोघं बंदराच्या भिंतीवरून चालली. कागदाच्या पुडीतली गरम कोळंबी खाल्ली. स्कर्ट दर दहा पावलांनी घसरायचा, आणि तो दरवेळी शहाण्यासारखा समुद्राकडे बघायचा.

"एकट्याच कशा आलात?" त्याने विचारलं.

"विचार करायला. उद्या दुपारी वॉल्टर आमच्या घरी जेवायला येणार आहे. लग्नाला हो की नाही, ते त्याला सांगायचंय."

"कसा आहे?"

"चांगला आहे. वाईट काही सापडतच नाही… तीच तर पंचाईत आहे."

त्यानंतर थिओने एकही थट्टा केली नाही. तिला ते बोचलं. चर्चच्या घंटा वाजत होत्या, ओल्या रस्त्यावर ऊन सांडलं होतं, आणि उद्याची दुपार जवळ येत होती.

परतल्यावर आत्या म्हणाल्या, "फळी वाळली का बघा बरं. दोघं दोन टोकांना बसा. मधे खोलगट आहे ना, डुलत डुलत माणसं आपोआप जवळ येतात. या घरातल्या चार मुलींची लग्नं हिनेच जमवली."

"आणि तुमचं?" मॅरियनने एका टोकाला बसत विचारलं.

"मी टोकाचा खांब घट्ट धरून बसले होते. तो दुसऱ्या टोकाकडून जवळ येत राहिला, मी हलले नाही. सगळ्यांनी मला शहाणी म्हटलं." त्यांनी चष्मा पुसला. "नंतर फार वर्षं शहाणीच राहिले."

मॅरियनने खाली पाहिलं. तिच्याही हातात खांब होता—बोटं पांढरी पडेपर्यंत धरलेला.

"मला एक फोन करता येईल?"

फोनवर तिने वॉल्टरला सरळ 'नाही' सांगितलं. मग त्याने मोठा सुस्कारा सोडला.

"रागावू नकोस मॅरियन, पण मला आत्ता कुठे श्वास आला. आपल्या दोघांच्या आयांनीच सगळं ठरवलं होतं… तीन आठवडे झोप नाही मला."

"मलाही नाही, वॉल्टर."

दोघंही हसत सुटली. इतकं मोकळं ती दोघं याआधी कधी बोललीच नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा थिओ आपल्या टोकाला अवघडून बसला होता.

"काय म्हणाला तो?"

"आज शांत झोपेन म्हणाला."

ती आपल्या टोकाला बसली. खांबाला हात लावला नाही.

"धरणार नाहीस?" त्याने हळूच विचारलं.

"नको. तू घाबरलास का?"

"थोडा."

फळी डुलली. एकदा, दोनदा… अनेकदा. दोघांत वीतभर अंतर उरलं, आणि मग तेही उरलं नाही. त्याच्या खांद्याला रंगाचा वास येत होता. आत्यांना अचानक बागेतली झाडं बघायची आठवण झाली.

"अंधाराआधी निघायला हवं," ती म्हणाली. पण उठली नाही.

"स्कर्ट परत द्यायला यावं लागेल. पुढच्या शनिवारी?"

"दार उघडं असेल?"

तो नुसता हसला.

गाडी वळवताना तिने आरशात पाहिलं. वाऱ्याने ते दार बंद होत होतं. थिओ धावत बागेत गेला आणि एक वीट आणून त्याने दाराला लावली.

शनिवार यायला अजून सात दिवस होते.